सोंड्याची कवळी

एव्हेरार्दो सेपेदा म्हणून विचारलंत तर मेक्सिकोतल्या आमच्या त्लाकेपाकेत कोणी ओळखणार नाही. त्रोम्पास म्हणा, शेंबडं पोरसुद्धा हाताला धरून दारापर्यंत नेऊन सोडेल. त्रोम्पास म्हणजे सोंड. आपण त्याला सोंड्याच म्हणू, त्याची कधी हरकत नसे. जन्मापासून त्याचे ओठ असे पुढे आलेले, की बाप्तिस्म्याच्या वेळी पाद्रीबाबांनी डोक्यावर घातलेलं पाणी ओठांवर येऊन साचलं, असं त्याची सख्खी आई सांगायची. दुसऱ्या कुठल्या गावी असलं पोर जन्मलं असतं तर लोक नुसते हसले असते. तो कोकुलात जन्मला, आणि कोकुला म्हणजे मारियाचींचं, आमच्याकडच्या गाणाऱ्या-वाजवणाऱ्या ताफ्यांचं, माहेर. तिथे लोकांनी पोटभर हसून घेतलं आणि मग त्याच्या हातात ट्रम्पेट दिलं.

ओठ देवाने भरभरून दिले, दात मात्र ओतिलियाने पाडले. त्याचं असं झालं. प्रेयसीच्या खिडकीखाली पहाटे मारियाचींचा ताफा उभा करून गाणी म्हणवायची आमच्याकडे रीत आहे. सोंड्या तेव्हा ऐन पंचविशीतला, नुकताच त्लाकेपाकेत येऊन नाबोर किंतानियाच्या ताफ्यात लागलेला. गिऱ्हाईक होता एक प्रेमवीर, आणि तो इतका प्यालेला की त्याने प्रेयसीची खिडकी सोडून दोन घरं पलीकडची खिडकी दाखवली. त्या खिडकीमागे ओतिलिया झोपली होती. ती तोर्तियाच्या गिरणीत कामाला. दिवसभर मक्याचं पीठ उपसून आलेली बाई, तिला कसलं प्रेम आणि कसलं गाणं. दुसऱ्या कडव्याला तिने खिडकी उघडली आणि जिरेनियमची कुंडी खाली सोडली. कुंडी बसली ट्रम्पेटच्या तोंडावर, आणि ट्रम्पेटचं दुसरं टोक सोंड्याच्या तोंडात होतं. वरचे पुढचे दात फुलासकट रस्त्यावर सांडले.

दुसऱ्या दिवशी ती कोंबडीचा रस्सा घेऊन भेटायला आली. रस्साच आणला, कारण चावायची सोय तिनेच मोडली होती.

"माझा नेम तुमच्यावर नव्हता हो," ती म्हणाली. "मी व्हायोलिनवाल्यावर धरला होता. फार केविलवाणं वाजवत होता."

तो व्हायोलिनवाला म्हणजे खुद्द नाबोर. त्याने कुंडी एक वेळ माफ केली असती, हे वाक्य जन्मभर माफ केलं नाही. सोंड्या मात्र बोळक्या तोंडाने इतका हसला की टाके तुटले. वर्षभरात दोघांचं लग्न झालं. लग्नात नाबोरचाच ताफा वाजला, आणि नाबोर नवरीपासून चार हात लांब उभा होता.

सोंड्याने कवळी बसवून घेतली. ट्रम्पेटवाल्याला दात गेले की बाकीच्यांना पाय गेल्यासारखं. वरचा ओठ टेकवायचा कशावर? तो परसातल्या कोंबड्यांच्या खुराड्याशी बसून पुन्हा पहिल्यापासून फुंकायला शिकला. कोंबड्यांनी त्या काळात अंडी देणं सोडलं. पण शिकला. लोक म्हणत, आधी नुसता फुंकायचा, आता विचार करून फुंकतो. जेवताना मात्र कवळी काढून ग्लासात टाकायची आणि ग्लास टेबलाच्या मधोमध ठेवायचा, ही त्याची सवय. नवख्या पाहुण्याला मळमळलं तर तेवढाच त्याच्या वाटचा पदार्थ उरे.

पुढची तीस-एक वर्षं तो त्लाकेपाकेतल्या सगळ्या सुखदुःखात फुंकत राहिला. बारशी, लग्नं, मुलींच्या पंधराव्या वर्षाचे सोहळे, मयती. एका कसायाच्या अंत्ययात्रेत त्याची दोन बिऱ्हाडं समोरासमोर आली. दोन्ही विधवांनी 'हे आमचं गाणं' म्हणून एकच गाणं मागितलं. ताफ्याने ते दोनदा वाजवलं, दुसऱ्या वेळी जरा संथ, म्हणजे धाकटीला वेगळं वाटावं. एरवी रोज संध्याकाळी डॉन इलारिओच्या खाणावळीच्या अंगणात, मेस्कितेच्या झाडाखाली वाजवायचं. लोक बकऱ्याची बिर्रिया ओरपणार, हाडं चोखणार आणि मधूनच रडणार. मारियाची ऐकताना रडलं नाही तर आमच्याकडे पैसे वसूल झाले असं मानत नाहीत.

फुटबॉलचा विश्वचषक शेजारच्या ग्वादालाहारात आला त्या साली डॉन इलारिओच्या डोक्यात वारं शिरलं. स्पेनचा संघ आमच्याच मैदानावर खेळणार, म्हणजे स्पेनची माणसं येणार. त्यांना आपल्या खाणावळीत ओढायचं तर त्यांच्या गावची गोष्ट हवी. त्याने स्पेनमधल्या हेरेसहून फ्लामेंकोच्या नाचगाण्याचा एक संच मागवला. नाचणारी अंगुस्तियास, चाळिशीची, उभी राहिली की भिंत मागे सरकल्यासारखी वाटे. तिचा भाऊ गिटारवर. तिचे काका फ्रास्कितो गायला, सत्तरीचे, काडीसारखे. आणि एक चुलतभाऊ, चानो, नुसता टाळ्या वाजवायला.

"टाळ्या वाजवायला माणूस विमानाने आणला?" नाबोरने विचारलं. "आमच्याकडे टाळ्या प्रेक्षक वाजवतात. फुकट."

"तुमच्याकडे वाजवत असतील," अंगुस्तियास म्हणाली. "म्हणूनच चुकतात."

पहिल्या तालमीपासून भांडण जुंपलं. अंगुस्तियास फळ्यांवर टाचा आपटू लागली की नाबोर मोठ्याने विचारी, "बाई नाचतायत की झुरळं मारतायत?" फ्रास्कितोकाका मारियाचींचे चांदीच्या बटणांचे सूट आणि गाड्याच्या चाकाएवढ्या टोप्या बघून म्हणत, "ही माणसं आहेत का दिवाणखान्याचे पडदे?" काका स्वतः गायला लागले, की घर जळालं, गाढव मेलं आणि बायको पळाली या तिन्ही बातम्या एकदम आल्यासारखं वाटे. मारियाची तोंडावर टोपी धरून हसत. सोंड्या हसत नसे. त्याला काकांचं गाणं आवडायचं, पण नाबोरसमोर तसं कबूल करणं म्हणजे धर्म बुडवण्यापैकी होतं.

संध्याकाळ अशी आखली होती. आधी फ्लामेंको, मग मारियाची, आणि शेवटी दोघं मिळून एक गाणं. या शेवटच्या भागाला डॉन इलारिओ 'दोन देशांचं मीलन' म्हणे. नाबोर 'रोजचा अपघात' म्हणे.

त्यात चानोचं पोट आडवं आलं. आमच्याकडे मिरचीच्या रश्शात बुडवलेला मांसाचा पाव मिळतो. गाडीवाला विचारतो, अर्धा बुडवू का पूर्ण? जन्मापासून इथे राहणारी माणसंसुद्धा 'अर्धा' म्हणतात. चानो ऐटीत 'पूर्ण' म्हणाला. पुढचे काही दिवस तो खाणावळीच्या मोरीत राहिला आणि नंतर विमानात बसून, म्हणजे जमेल तेवढं बसून, हेरेसला परत गेला. संचात टाळीवाला उरला नाही. अंगुस्तियास नाबोरकडे बघून दातओठ खायची, जणू मिरची त्यानेच लावली होती.

आणि मग तो शनिवार आला. स्पेनच्या माणसांनी अंगण भरलेलं, पुढच्या टेबलावर नगराध्यक्ष सहकुटुंब बसलेले. शेवटचं मीलन सुरू झालं. या गाण्यात सोंड्याला एक उंच सूर बराच वेळ धरून ठेवायचा होता, आणि त्या सुरावर अंगुस्तियासने गिरक्या घेत टाचा आपटत पुढे यायचं होतं. नगराध्यक्षांना बघून सोंड्याच्या अंगात आलं. त्याने छाती भरून घेतली आणि सूर असा काही लावला की मेस्कितेवरची पाखरं उडाली. श्वास घ्यायला त्याने ट्रम्पेट बाजूला केलं, उरलेली हवा सुटली, आणि हवेबरोबर कवळी.

ती उंच उडाली, दिव्याच्या उजेडात एकदा चमकली आणि अंगुस्तियासच्या झालरीपाशी फळ्यांवर पडली. सोंड्याने "बाई" अशी हाक मारली. बाई तेव्हा या जगात नव्हत्या. त्यांच्या टाचा सुटल्या होत्या. पहिल्या टाचेला कवळीचे दोन तुकडे झाले, दुसऱ्या टाचेला चार, आणि त्यानंतर जे झालं त्याला भुकटी म्हणतात.

अंगण उभं राहिलं. स्पेनची माणसं 'ओले! ओले!' अशी वाहवा करत टेबलं बडवू लागली. त्यांच्यातल्या एका बाईने नगराध्यक्षांना समजावलं की हे फार जुनं आहे, त्यांच्याकडे असंच करतात. नगराध्यक्षांनी गंभीरपणे मान हलवली.

सोंड्या भर व्यासपीठावर बोळकं मिटून उभा. ट्रम्पेट आता नुसतं पितळ. खाली उतरावं तर नाबोर वाट अडवून उभा, तसाच उभा राहावं तर हातांचं करायचं काय? त्याने ट्रम्पेट काखेत मारलं आणि टाळ्या वाजवायला लागला. आधी लाज लपवायला म्हणून. मग लक्षात आलं की हे आपल्याला येतंय. मारियाचीतला ट्रम्पेटवाला फुंकतो कमी आणि आपली पाळी येईपर्यंत मनात मोजतो जास्त, आणि आमच्या कोकुलाच्या चालींत कधी तिनाची उडी, कधी दोनाची, सगळं एकाच घरात नांदतं. फ्लामेंकोचाही संसार तसाच निघाला. अंगुस्तियासने वळून पाहिलं, कोण वाजवतंय म्हणून, आणि नाच थांबवायचा होता तिथे तिने तो पुढे नेला. फ्रास्कितोकाकांनी खुर्ची ओढली आणि सोंड्याला शेजारी बसायची खूण केली.

"कुठले तुम्ही?" गाणं संपल्यावर काकांनी विचारलं, जणू पहिल्यांदाच भेटत होते.

"मी इथलाच की काका. रोज तुमच्याथमोर तर अथतो," सोंड्या म्हणाला. दातांविना त्याचा एकही 'स' धड बाहेर पडेना.

 काकांनी लगेच पुतणीला हाक मारली. "अंगुस्तियास, इकडे ये. ह्याचं बोलणं ऐक. हा तर आपल्या गल्लीतला निघाला."

हेरेसकडची जुनी माणसं 'स' म्हणताना जीभ दातांत धरतात. सगळ्या मेक्सिकोत तसं कोणी बोलत नाही. आता एक जण बोलू लागला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगुस्तियास एक केक घेऊन माफी मागायला घरी आली. दार ओतिलियाने उघडलं.

"तुमच्या यजमानांचे दात माझ्या टाचेखाली आले," अंगुस्तियास खाली मान घालून म्हणाली. "मला फार वाईट वाटतंय."

"आत या," ओतिलिया म्हणाली. "तुम्ही नकलीच फोडलेत. असली मी फोडले होते."

सोंड्या आतल्या खोलीत तोंड लपवून बसला होता. त्याला स्वयंपाकघरातून दोघींचं हसणं ऐकू आलं, मग कुजबुज, मग पुन्हा हसणं. केकचा मऊ भाग त्याला मिळाला, कडक कडा त्या दोघींनी खाल्ल्या. निघताना अंगुस्तियासने विचारलं, "दात येईपर्यंत आमच्याकडे टाळ्या वाजवाल का?"

"टाळी एका हाताने वाजत नाही," ओतिलिया परस्पर म्हणाली. "ह्यांच्याकडे दोन आहेत, आणि दोन्ही रिकामे. घेऊन जा."

नाबोरला कळल्यावर त्याने सोंड्याला चौकात गाठलं.

"कोकुलाचा माणूस तू. तुझा बाप मारियाची, आजा मारियाची. आणि तू त्या बाईच्या मागे बसून टाळ्या पिटणार?"

"तुझ्या ताफ्यात काय करू मग? दात आहेत का?"

"दात येईस्तोवर घरी बस. माझा जावई वाजवेल तुझ्या जागी."

"तो बरा वाजवतो," सोंड्या म्हणाला. "माझ्यापेक्षा बरा. मी किती दिवथ तुला थांगायचं टाळत होतो."

 नाबोरने शिवी द्यायला तोंड उघडलं होतं, ते तसंच मिटून तो गेला.

दातांचा कारागीर म्हणाला, सामने संपू दे, मग बघू. सगळं शहरच तसं म्हणत होतं. तेवढ्या आठवड्यांत सोंड्या काळी पँट आणि पांढरा शर्ट घालून खुर्चीवर बसू लागला. चांदीची बटणं नाहीत, मानेवर टोपीचं ओझं नाही. आयुष्यात प्रथमच तो बसून काम करत होता, आणि यात किती सुख आहे हे इतकी वर्षं आपल्यापासून कोणी लपवलं असा त्याला प्रश्न पडे. काका गाताना त्याच्याकडे बघून गात. मारियाचीत त्याच्याकडे कोणी बघितलं नव्हतं. लोक टोपीकडे बघत.

एका संध्याकाळी स्पेनचा एक जाडजूड माणूस डोळे पुसत त्याच्यापाशी आला. "मी हेरेसचा," तो म्हणाला. "तुम्ही कुठल्या भागातले?"

सोंड्याने खरं तेच सांगितलं. कोकुलातलं देऊळ सान मिगेलचं, त्याचं घर देवळामागे. "थान मिगेलचा," तो म्हणाला.

आता हेरेसमध्येही सान मिगेल नावाचा मोहल्ला आहे, आणि निम्मे गाणारे तिथलेच. त्या माणसाने सोंड्याला मिठीच मारली. "मला वाटलंच. माझं आजोळ तिथलं. कुठल्या घरातले तुम्ही?"

"देवळामागचं."

"बेकरीशेजारचं?"

बेकरी कोकुलातही होतीच. सोंड्याने मान हलवली. तो माणूस हमसाहमशी रडला आणि त्याने सगळ्या संचाला मद्य पाजलं. फ्रास्कितोकाका तोंडावर टॉवेल धरून खुर्चीत हलत होते. लोकांना वाटलं, म्हाताराही रडतोय.

सामने संपले, पाहुणे गेले, डॉन इलारिओच्या डोक्यातलं वारंही गेलं. संच परत निघाला. त्याच सुमारास नवी कवळी तयार झाली. सोंड्याने ती बसवून खुराड्याशी जाऊन ट्रम्पेट लावलं. सूर निघाला, पण उंचावर चिरला. पुन्हा लावला, पुन्हा चिरला. सोंड्याने ट्रम्पेट पुसलं, पेटीत ठेवलं आणि आत येऊन ओतिलियाला म्हणाला, "ती मंडळी मला बरोबर बोलावतायत. हेरेसला. तुलाही."

"तिथे मिरची मिळते?"

"नाही म्हणतात."

ती उठली आणि सुक्या मिरच्यांचं पोतं बांधायला लागली.

दोन हिवाळे ती दोघं हेरेसला राहिली. नाताळात तिथली माणसं अंगणात शेकोटीभोवती गोल बसून गातात, आणि त्या गोलात सोंड्याची खुर्ची ठरलेली असे. लोकांना एव्हाना खरं कळलं होतं. कवळी घालून तो बोलला की कळणारच. मग एखादा म्हणे, "त्रोम्पास, जरा आपल्या भाषेत बोल की," आणि तो कवळी काढून ग्लासात टाकी. तो मिठी मारणारा जाडा माणूसही भेटला. तो रागावला नाही, फक्त म्हणाला, "मी आजोळी सगळ्यांना सांगून ठेवलंय. आता तुम्हाला बेकरीशेजारी राहायलाच लागेल." आणि खरोखरच त्याने तिथे दोन खोल्या मिळवून दिल्या.

दुसऱ्या हिवाळ्यात फ्रास्कितोकाका गेले. आदल्या संध्याकाळी गायले होते, सकाळी उठले नाहीत. घरात मोठी दाटी झाली, पण आवाज नव्हता. सोंड्याने आमच्याकडच्या मयती वाजवून काढलेल्या. न वाजवता माणूस कसा पोचवायचा हे त्याला कळेना. तो शवपेटीशी गेला. मग त्याने कवळी काढली, रुमालात गुंडाळून खिशात ठेवली आणि वाकून काकांच्या कानाशी काहीतरी बोलला. काय बोलला ते त्याने ओतिलियालाही सांगितलं नाही. कवळी का काढली, एवढंच तिने विचारलं.

"परदेशी माणसासारखा निरोप कसा घेऊ?" तो म्हणाला. "त्यांना माझा 'स' कधी आवडला नाही."

त्यानंतर टाळीत त्याचं मन लागेना. तो वाजवी, बरोबर वाजवी, पण शेजारच्या खुर्चीकडे बघून वाजवी. वसंतात दोघं त्लाकेपाकेला परतली. पोत्यातल्या मिरच्याही संपत आल्या होत्या.

आता तो म्हातारा झालाय. दुपारी चौकातल्या बारमध्ये खांबाजवळ बसतो. तिथे नाबोर अजून वाजवतो, अजून केविलवाणं वाजवतो. नाबोरने गाणं सुरू केलं की सोंड्याला राहवत नाही. तो टाळी धरतो, ती हेरेसची, जिथे आपण थांबतो तिथे पडणारी आणि जिथे पडावी तिथे गुपचूप बसणारी. दोन ओळींत नाबोरचा जावई घसरतो, चौथ्या ओळीला नाबोर स्वतः. गिऱ्हाइकं खदखदतात.

"सोंड्या, तुझ्या पाया पडतो," परवा नाबोर व्हायोलिन खाली धरून म्हणाला. "लोकांसमोर लाज काढू नकोस."

"तू ताल धर ना मग."

नाबोरने वेटरला बोलावून सोंड्यापुढे थंड बियरचे दोन ग्लास ठेवले, एकेका हाताला एकेक. "दोन्ही धरून बस," तो म्हणाला, "आणि मी संपवेपर्यंत खाली ठेवलेस तर बघ." सोंड्याने दोन्ही उचलले. आता हाच शिरस्ता पडलाय. नाबोर वाजवतो, सोंड्या पितो, आणि टाच तेवढी टेबलाखाली हलू देतो.